पटावरचा तिरंदाज

बुद्धिबळाच्या पटावर राजा आहे, वजीर आहे, हत्ती, घोडे, उंट आहेत आणि पुढे छाती काढून उभी असलेली आठ प्यादी आहेत. सगळे सैन्य सज्ज आहे; पण त्यात एकही तिरंदाज नाही. ज्या देशात हा खेळ जन्माला आला, त्या देशाच्या दोन्ही महाकाव्यांचे नायक धनुर्धारी. रामाच्या हाती कोदंड, अर्जुनाच्या हाती गांडीव. चतुरंग सेना म्हणजे हत्ती, घोडा, रथ आणि पायदळ. आणि यातला रथ तर धनुर्धाऱ्याचे हक्काचे आसन! मग हा रथी पटावर चढताना आपले धनुष्य कोठे ठेवून आला? सातव्या शतकातल्या बाणभट्टाने 'हर्षचरिता'त अष्टापद पटाचा आणि चतुरंगाचा श्लेषाने उल्लेख केला आहे. गंमत अशी, की ज्या खेळाचा उल्लेख करणाऱ्या कवीचे नावच बाण, त्या खेळात बाणाला मात्र जागा नाही.

हा विसर म्हणावा, तर इतकी शतके तो कोणाच्याच ध्यानात आला नाही असे कसे होईल? मला वाटते, यात खेळ घडवणाऱ्या अज्ञात माणसांचे मोठे शहाणपण आहे. बुद्धिबळात मारणाऱ्याला मेलेल्याच्या घरात जाऊन उभे राहावे लागते. घोड्याने प्यादे मारले, की घोडा आपली सुरक्षित जागा सोडून शत्रूच्या गोटात जातो आणि तेथे कदाचित उंटाच्या तोंडी पडतो. मारायचे, तर स्वतः धोक्यात जायचे, ही या खेळाची पहिली अट. आता अशी कल्पना करा, की एखाद्या मोहऱ्याला आपल्या घरातून न हलता चार घरांपलीकडचे मोहरे उडवता येते. मग डाव उरतोच कोठे? तो तिरंदाज कोपऱ्यात बसेल आणि उरलेले सगळे त्याचे भक्ष्य होतील. त्याला मारता येते. पण मारण्याची किंमत मोजावी लागत नाही.

दुरून मारणाऱ्याकडून ही किंमत कशी वसूल करायची, हा प्रश्न दिसतो लहान. पण त्याचा इतिहास मोठा रंजक आहे. चिनी पंडितांपासून प्रशियाच्या सेनाधिकाऱ्यांपर्यंत आणि इंग्लंडच्या एका थोर कादंबरीकारापासून अमेरिकेतल्या एका जोडे दुरुस्त करणाऱ्या गृहस्थापर्यंत अनेकांनी त्यावर डोके खाजवले आहे. दिवाळीच्या फराळासोबत तो इतिहास थोडा चाखून पाहू.

अस्त्राला अट हवी

आधी आपल्या घरातलेच पाहू. महाभारतकाराने आपल्या योद्ध्यांना अशी अस्त्रे दिली, की एकेका अस्त्राने अठरा दिवसांचे युद्ध अठरा क्षणांत संपावे. मग कथा चालायची कशी? व्यासांनी त्यावर जो उपाय केला, तो अगदी खेळाच्या नियमांसारखा आहे. प्रत्येक अस्त्राला त्यांनी एक अट लावली. कर्णाने कवचकुंडले देऊन इंद्राकडून अमोघ शक्ती मिळवली. पण ती एकदाच वापरता येणार होती. अर्जुनासाठी जपून ठेवलेली ती शक्ती घटोत्कचावर खर्ची पडली आणि त्या रात्री कृष्णाला आनंद झाला. परशुरामाने कर्णाला ब्रह्मास्त्र शिकवले. पण ऐन वेळी मंत्र आठवणार नाही, असा शापही दिला. अश्वत्थाम्याला अस्त्र सोडता येत होते, मागे घेता येत नव्हते. अर्जुनाला दोन्ही येत होते. एकदाच वापर, ऐन वेळची विस्मृती आणि मागे घेण्याची असमर्थता. दुरून मारा करणाऱ्या शस्त्राला आवर घालण्याच्या ज्या युक्त्या पुढे खेळांतून दिसतात, त्यांतल्या निम्म्याअधिक येथेच सापडतात.

आणि शास्त्र बाजूला ठेवले, तरी आपल्या गल्लीतली मुले हा प्रश्न रोज सोडवतातच. लगोरीत ज्याच्या हाती चेंडू आहे त्याने पळायचे नाही, असा नियम बऱ्याच ठिकाणी असतो. का? चेंडू म्हणजे दुरून मारायचे शस्त्र. तो हाती घेऊन पळताही आले, तर लगोरी रचणाऱ्या गड्याला वावच राहणार नाही. म्हणून एकतर मारा, नाहीतर पळा. हे मुलांना कोणी गुरुजींनी शिकवलेले नसते. दोन दिवस खेळून, चार भांडणे करून ती स्वतःच या निर्णयावर येतात.

चिनी तोफेची चौकट

बुद्धिबळाचा एक चुलतभाऊ चीनमध्ये राहतो. त्याचे नाव शियांगची. त्यात मोहरी घरांत न ठेवता रेघांच्या छेदांवर ठेवतात. असे नव्वद बिंदू पटावर असतात आणि मधोमध एक नदी असते. या खेळात प्रत्येक बाजूला दोन तोफा आहेत. चिनी लोक तिला 'पाओ' म्हणतात. एका बाजूच्या तोफेचे नाव लिहिताना अक्षरात दगडाची खूण असते, दुसऱ्या बाजूच्या नावात अग्नीची. कारण आधी 'पाओ' म्हणजे मोठे धोंडे फेकणारे यंत्र होते, दारूची तोफ नंतर आली.

ही तोफ चालते आपल्या हत्तीसारखी, सरळ रेषेत हवी तितकी. पण मारताना तिला एक विलक्षण अट आहे. तिच्या आणि लक्ष्याच्या मध्ये नेमके एक मोहरे असले पाहिजे, आपले असो की शत्रूचे. त्याच्यावरून उडी घेऊनच ती मारते. मध्ये कोणी नसेल तर तोफ मुकी; दोन असतील तरीही मुकी. या एका अटीमुळे सगळा खेळ बदलतो. डावाच्या आरंभी पट गजबजलेला असतो तेव्हा तोफ शेर असते. मोहरी मारली जाऊन पट रिकामा होत जातो, तसतशी तिची पत उतरते आणि घोड्याची चढते. शत्रूचे मोहरे आपल्या तोफेला चौथरा मिळवून देत असेल, तर ते बाजूला सरकवून शत्रू तिला निःशस्त्र करू शकतो. शस्त्राचे बळ कमी न करता त्याला परिस्थितीच्या स्वाधीन करणे, ही चिनी बुद्धीची करामत. आणि तरीही ही तोफ मारल्यानंतर मेलेल्याच्या जागी जाऊन बसतेच. जुनी किंमत तिनेही चुकवलेली नाही.

गणिती आणि लेफ्टनंट

ती किंमत माफ केली युरोपने. जर्मनीतल्या ब्रुन्सविक संस्थानात योहान हेलविग नावाचे एक गणिती होते. दरबारातल्या तरुण मुलांना शिकवणे हे त्यांचे काम. युद्धशास्त्र रुक्ष न वाटता मुलांच्या गळी कसे उतरवावे, या चिंतेतून त्यांनी १७८० साली एक मोठा खेळ प्रसिद्ध केला. त्याच्या पटावर ६४ ऐवजी १६१७ घरे होती. डोंगर, पाणी, गाव यांना वेगवेगळे रंग होते. पायदळ एका खेळीत आठ घरे जाई, हलके घोडदळ सोळा. आणि येथे पायदळाला व तोफांना आपली जागा न सोडता दोनतीन घरांपर्यंत गोळी घालता येई. हजार वर्षे पटाबाहेर तिष्ठत उभा असलेला तिरंदाज, बंदूक घेऊन का होईना, शेवटी आत आला.

त्याला शिस्त लावली ती प्रशियातल्या एका बापलेकांनी. वडील राइसवित्स यांनी १८१२ साली राजा तिसऱ्या फ्रेडरिक विल्यमपुढे एक मेज मांडले. त्यावर डोंगरदऱ्यांचे तुकडे हवे तसे जुळवून रणभूमी करता येत असे. मुलगा तोफखान्यात लेफ्टनंट होता. त्याने मेज बाजूला ठेवून खरा नकाशा घेतला, आठ हजारांस एक या प्रमाणाचा, आणि १८२४ साली आपले नियम छापले. खेळाचे नाव 'क्रीग्सश्पील', म्हणजे साधे 'युद्धखेळ'. त्यात एक खेळी म्हणजे रणांगणावरची दोन मिनिटे. दोन पक्षांच्या मध्ये एक पंच. खेळाडूने आपला हुकूम पंचाला सांगायचा आणि पंचाने जे दिसण्याजोगे असेल तेवढेच नकाशावर दाखवायचे.

आणि गोळीचे काय? धाकट्या राइसवित्सने येथे खरी प्रतिभा दाखवली. गोळी लागतेच असे नाही, हे त्याला तोफखान्यातल्या अनुभवाने ठाऊक होते. शार्नहोर्स्ट या नामवंत प्रशियन सेनानीने बंदुकीच्या माऱ्याच्या चाचण्यांचे निष्कर्ष १८१३ साली प्रसिद्ध केले होते. अंतर वाढत गेले, की नेम लागण्याचे प्रमाण झपाट्याने कोसळते, हे तेव्हा आकड्यांनी सिद्ध झाले होते. राइसवित्सने हा घसरता आलेख आपल्या कोष्टकांत उतरवला आणि वर फासा ठेवला. जवळून मारलेल्या गोळीने पुष्कळ माणसे पडत, दुरून मारलेल्या गोळीने थोडी. आणि एकाच अंतरावरूनही नशिबाप्रमाणे कमीजास्त. बुद्धिबळात मोहरे एकतर जिवंत असते किंवा मेलेले. येथे पलटण हळूहळू झिजू लागली.

प्रशियाच्या सेनाप्रमुखांना, जनरल म्युफ्लिंगना, जेव्हा हा खेळ दाखवला, तेव्हा ते आरंभी उदासीन होते, असे सांगतात. पण जसजसा डाव रंगला तसतसे ते उठून उभे राहिले. हा खेळ नव्हे, ही युद्धाची शाळाच आहे, अशा अर्थाचे उद्गार त्यांनी काढले आणि तो सैन्यात सर्वत्र पाठवण्याची व्यवस्था केली. खेळाचे भाग्य उजळले, खेळकर्त्याचे नाही. मत्सराचे आणि उपेक्षेचे चटके सोसून त्या तरुण अधिकाऱ्याने १८२७ साली आत्महत्या केली. पुढे १८७०-७१ च्या युद्धात प्रशियाने फ्रान्सला धूळ चारली, तेव्हा जगातल्या सैन्यांनी या खेळाची विचारपूस सुरू केली. ते पाहायला तो नव्हता.

याच सुमारास एक वाद निघाला. कोष्टके इतकी वाढली होती, की डाव कमी आणि बेरीज-वजाबाकीच जास्त. फर्डी द्यु व्हेर्नुआ या सेनापतीने १८७६ साली सांगितले, की फासे नकोत, कोष्टके नकोत. अनुभवी पंचाने आपल्या अकलेने निकाल द्यावा. नियम बारकाईने बांधायचा, की शहाण्या माणसावर सोपवायचा? शाळेत काय, संसारात काय, हा वाद संपलेला नाही, आणि खेळाच्या मेजावरही तो अजून चालूच आहे.

कादंबरीकाराची तोफ

आता इंग्लंडात येऊ. 'अदृश्य मनुष्य' आणि मंगळवासीयांच्या स्वारीची कथा लिहिणारे एच. जी. वेल्स आपल्या वाचकांच्या परिचयाचे आहेत. हे गृहस्थ पन्नाशीकडे झुकत असताना जमिनीवर पालथे पडून शिशाच्या शिपायांशी खेळत असत, हे मात्र पुष्कळांना ठाऊक नसेल. १९१३ साली त्यांनी 'लिटल वॉर्स', म्हणजे 'छोटी युद्धे', हे पुस्तक लिहिले. खेळण्यातली एक स्प्रिंगची तोफ बाजारात आली होती. तिच्यातून लाकडाची छोटी कांडी सुटे, आणि वेल्स सांगतात, की नऊ यार्डांवरचा शिपाई ती दहांत नऊ वेळा लोळवी.

आपल्याकडे दिवाळीत मुले मातीचे किल्ले करतात. उतारावर मोहरी-अळीव पेरून हिरवळ उगवतात, वर सिंहासनावर महाराज, पायऱ्यापायऱ्यांवर मावळे, बुरुजावर मातीची तोफ. ती तोफ जर खरोखर उडू लागली आणि समोरच्या वाड्यातल्या किल्ल्यावरचे मावळे पाडू लागली, तर चार दिवसांत काय अनर्थ होईल ते सांगायला नको! वेल्सपुढे नेमका हाच पेच होता. तोफ इतकी अचूक, की पायदळ आणि घोडेस्वार हलवण्यात अर्थच उरेना. जो आधी तोफ लावी तो जिंकत असे.

तोफेची अचूकता वेल्स कमी करू शकत नव्हते. ती खरोखरीची वस्तू होती, कोष्टकातला आकडा नव्हता. म्हणून त्यांनी तिच्याभोवती नियमांचे कुंपण घातले. तोफेपासून सहा इंचांच्या आत आपले चार शिपाई असतील तरच ती चालेल. एका खेळीत एकतर हलवा किंवा उडवा, दोन्ही नाही. उडवली तर जास्तीत जास्त चार गोळे. पायदळ एका खेळीत एक फूट जाते, घोडदळ दोन फूट. म्हणजे धीट घोडेस्वारांना तोफेपर्यंत पोहोचण्याची आशा राहते. आणि खेळीला वेळेची मर्यादा, घड्याळ लावून. या चार अटींनी रणांगणात पुन्हा जीव आला. तोफेला माणसे लागतात आणि ती माणसे मारता येतात, हे एकदा ठरल्यावर घोडदळाला काम मिळाले, झाडाझुडपांना आणि पुठ्ठ्याच्या घरांना आडोसा म्हणून किंमत आली. लगोरीचाच नियम थोड्या थाटात आला म्हणायचा.

पुस्तकाच्या अखेरीस वेल्स गंभीर होतात. ते म्हणतात, की ज्याने अशी तीनचार छोटी युद्धे खेळली, त्याला मोठे युद्ध केवढी मूर्खपणाची गोष्ट आहे ते कळते. ज्यांना लढायचेच आहे त्या राजांना आणि सेनापतींना एका मोठ्या दालनात कोंडून हा खेळ द्यावा. पुस्तक निघाले आणि वर्षभरात, १९१४ च्या ऑगस्टमध्ये, पहिले महायुद्ध पेटले. त्या युद्धात तोफेला कोणतीच अट नव्हती. माणसे खंदकांत चार वर्षे चिखलात बसली आणि मैलोगणती दूर असलेल्या, कधीही न दिसलेल्या तोफांनी मेली. वेल्सच्या फरशीवर जी किंमत वसूल होत होती, ती फ्रान्सच्या शेतांत कोणी वसूल केली नाही.

त्यानंतर न्यूयॉर्कमध्ये फ्लेचर प्रॅट नावाच्या लेखकाने आरमारी खेळ काढला. त्याचे नियम १९४० साली छापले गेले. तेथे फासेच नाहीत. खोलीभर पसरलेल्या लाकडी जहाजांमधले अंतर किती इंच, ते खेळाडूने डोळ्यांनी अजमावून चिठ्ठीवर लिहायचे. मग टेप लावायची. अंदाज बरोबर तर गोळा लागला, चुकला तर समुद्रात. दुरून मारायचे असेल तर निदान नजर तरी कमवा, असा हा सरळ न्याय.

सूत्रधार, तलवारबहाद्दर आणि तिरंदाज

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात लेक जिनीव्हा नावाचे एक लहान गाव आहे. तेथे गॅरी गायगॅक्स हे गृहस्थ राहत. आधी विमा कंपनीत नोकरी, ती सुटल्यावर घरी जोडे दुरुस्त करून गुजराण. पण सगळा जीव युद्धखेळांत. त्यांनी जेफ पेरेन या मित्राबरोबर १९७१ साली 'चेनमेल' नावाचे मध्ययुगीन लढायांचे नियम छापले आणि शेवटी एक पुरवणी जोडली. तिच्यात राक्षस, उडते नाग आणि मांत्रिक आले. मांत्रिकाचा अग्निगोल किती जागा जाळतो? मोठ्या धोंडेफेक्या यंत्राइतकी. त्याची वीज किती जबर? मैदानी तोफेइतकी. म्हणजे आज मुले ज्या जादूच्या गोष्टींनी हरखून जातात, त्या जादूचे आजोबा राइसवित्सच्या तोफखान्यातच होते!

डेव्ह आर्नेसन या दुसऱ्या एका खेळाडूच्या साथीने १९७४ साली 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' प्रसिद्ध झाला. पहिल्या हजार प्रतींत तीन पातळ पुस्तिका होत्या. ज्यांनी हा खेळ पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. चारपाच मित्र मेजाभोवती बसतात. त्यांतला एक सूत्रधार. तो भुयारांची, अरण्यांची, राक्षसांची कथा सांगतो. उरलेले एकेक पात्र होतात. कोणी तलवारबहाद्दर, कोणी तिरंदाज, कोणी मांत्रिक, कोणी चोर. 'मी पुढे जाऊन वार करतो,' असे म्हणायचे आणि वीस बाजूंचा फासा टाकायचा. यशापयश फाशावर. आपल्या कीर्तनकाराने आख्यानात मध्येच थांबून श्रोत्यांना विचारावे, की 'बोला, आता हनुमंताने काय करावे?' तसा हा प्रकार.

येथे आपला जुना प्रश्न नव्या रूपात उभा राहिला. वेल्सच्या खेळात तोफ बलवान झाली तर समोरचा गडी हरे. येथे तलवारबहाद्दर आणि तिरंदाज एकाच बाजूचे आहेत, मित्र आहेत. तिरंदाज फार बलवान झाला तर कोणी हरत नाही. पण तलवारीचा मित्र तीन तास मेजाशी बसून राहतो आणि त्याला करायला काही उरत नाही. थोडे गणित करून पाहू. २०१४ च्या नियमांत मोठ्या धनुष्याचा साधा पल्ला १५० फूट, आणि कष्टाने ६०० फुटांपर्यंत. माणूस एका खेळीत ३० फूट चालतो. शत्रू १५० फुटांवर असेल, तर तलवारवाल्याला चालत जायला पाच खेळ्या लागतात. पहिल्या दोन खेळ्या वार सोडून नुसते धावला, तर तिसऱ्या खेळीला तो पहिला वार करतो. तेवढ्यात तिरंदाजाने जागचे न हलता दोनतीन बाण सोडलेले असतात, आणि त्याच्या अंगाला ओरखडाही नसतो.

म्हणून पन्नास वर्षे या खेळाचे कर्ते तिरंदाजाला वेसण घालत आले आहेत. १९७८ च्या आवृत्तीत एक चमत्कारिक पण कामाचा नियम होता. अंतर इंचांत मोजत. मोकळ्या मैदानात एक इंच म्हणजे दहा यार्ड, भुयारात दहा फूट. मोठ्या धनुष्याचा पल्ला २१ इंच. म्हणजे बाहेर २१० यार्ड, आत जेमतेम ७०. बाणाला छत आडवे आले! पल्ल्याच्या मधल्या टप्प्यात फाशातून दोन वजा, लांबच्या टप्प्यात पाच. साधे धनुष्य एका फेरीत दोन बाण सोडी. यंत्राने ताणायचे जड धनुष्य दोन फेऱ्यांत एक. आणि १९७९ साली सूत्रधारासाठी निघालेल्या ग्रंथात सर्वांत जालीम अट होती. दोघांची हातघाई चालली असताना त्यात बाण सोडला, तर तो कोणाला लागेल हे फाशाने ठरवायचे. शत्रूऐवजी मित्रही पडू शकतो. ही अट वाचताना मला व्यासांची आठवण झाली.

पुढे लोकांना ही फार कडक वाटली. २००० सालच्या आवृत्तीत हातघाईत बाण सोडताना फाशातून चार वजा एवढेच उरले, आणि विशेष कौशल्य शिकले की तेही माफ. २०१४ मध्ये शत्रू पाच फुटांवर येऊन भिडला तर तिरंदाजाने दोनदा फासा टाकून लहान आकडा घ्यायचा, असे ठरले. पण त्याच ग्रंथात 'शार्पशूटर', म्हणजे पक्का नेमबाज, हे कौशल्यही आले, आणि त्याने सगळा तोल बिघडवला. आडोसा बाणाला अडवत नाही, लांब पल्ल्याचा तोटा नाही. वर फाशातून पाच वजा करायला तयार असाल तर लागलेल्या बाणाच्या हानीत दहाची भर. मोठ्या धनुष्याचा बाण आठ बाजूंच्या फाशाने मोजतात. म्हणजे वरकड भर मूळ बाणाच्या कमाल हानीहूनही मोठी. तिरंदाजीचा अभ्यास केलेल्याला नेमात दोनची वाढ आधीच मिळत असे, त्यामुळे ते पाच वजाही बोचत नसत. दहा वर्षे मेजामेजांवर यावरून कुरबुर चालली. अखेर २०२४ च्या सुधारलेल्या ग्रंथात ती पाच-दहाची सौदेबाजी काढून टाकली. मात्र जवळ आलेल्या शत्रूवर निर्धोक बाण सोडण्याची मुभा आता त्याच कौशल्यात घातली आहे. एका हाताने घेतले, दुसऱ्या हाताने थोडे दिले. तराजू अजून हलतोच आहे.

खऱ्या धनुष्याची किंमत

कोणी म्हणेल, की खरे धनुष्य होतेच तसे प्रभावी. मग खेळात त्याला बांधून का ठेवायचे? १३४६ साली क्रेसी येथे आणि १४१५ साली एजिनकोर्ट येथे इंग्रज तिरंदाजांनी फ्रान्सच्या चिलखती सरदारांची दाणादाण उडवली, हे इतिहासात नमूद आहे. त्याहीपूर्वी, ११३९ साली रोमच्या लॅटरन धर्मपरिषदेने ख्रिस्ती माणसांवर धनुष्यबाण चालवण्यास बंदीच घातली होती. ती कोणी फारशी पाळली नाही, ही गोष्ट वेगळी.

पण खऱ्या धनुष्याचीही जबर किंमत होती. ती रणांगणावर दिसत नव्हती इतकेच. १५४५ साली बुडालेले 'मेरी रोझ' हे इंग्रजी जहाज १९८२ साली समुद्रातून वर काढले. त्यात शंभराहून अधिक लांब धनुष्ये आणि हजारो बाण मिळाले. ती ओढायला शंभर पौंडांहून अधिक जोर लागत असावा, असे अभ्यासक सांगतात. त्या जहाजावरच्या काही सांगाड्यांच्या खांद्याच्या हाडांत वेगळेपण आढळले. लहानपणापासून धनुष्य ओढण्याचा तो परिणाम असावा, असा तर्क आहे. १३६३ साली तिसऱ्या एडवर्डने सुटीच्या दिवशी प्रजेने तिरंदाजीचाच सराव करावा, असा हुकूम काढला होता. म्हणजे एका बाणामागे आख्खे बालपण खर्ची पडलेले असे. खेळात मात्र धनुष्य चपळाईवर चालते, आणि तीच चपळाई शत्रूचा वार चुकवायलाही उपयोगी पडते. खऱ्या तिरंदाजाने खांद्याने जे मोल दिले, ते खेळातला तिरंदाज देत नाही. म्हणून नियमांना ते दुसऱ्या वाटेने वसूल करावे लागते.

बंदूक आली आणि हे मोलही संपले. महिना-दोन महिन्यांच्या कवायतीत कोणालाही शिपाई करता येऊ लागले. त्यानंतरचा युद्धाचा इतिहास म्हणजे ही किंमत एकसारखी उतरत गेल्याची कहाणी आहे. आज हजारो मैलांवर, थंड खोलीत, पडद्यासमोर बसलेला माणूस कळ दाबून परक्या देशातले घर उडवू शकतो आणि संध्याकाळी आपल्या मुलाबाळांत जेवायला जाऊ शकतो. त्याला मेलेल्याच्या घरात जाऊन उभे राहावे लागत नाही. ते घर त्याला नीट दिसतही नाही.

अशा जगात चार मित्र मेजाभोवती बसून तास तास वाद घालतात, की बाणाला दोन वजा करावेत की पाच. जवळ आलेल्या शत्रूवर तिरंदाजाला नेम धरता यावा की नाही. बाहेरून पाहणाऱ्याला हा पोरखेळ वाटेल. पण शाळेच्या मैदानावर मुलांची भांडणे सोडवण्यात इतकी वर्षे घालवल्यावर मला तो तसा वाटत नाही. दुसऱ्याला इजा करण्याची शक्ती हाती आली, की तिच्यासोबत काही अट, काही जोखीम, काही कष्ट आलेच पाहिजेत. आणि शेजारी बसलेल्या कमी बळाच्या सोबत्यालाही खेळीची संधी मिळाली पाहिजे. एवढेच ते भांडत असतात. राजांना आणि सेनापतींना जे ठरवणे आजवर जमले नाही, ते ही मंडळी निदान आपल्या मेजापुरते ठरवून पाहतात. चुकले, तर पुढच्या आवृत्तीत दुरुस्त करतात.

या सुटीत घरात पट मांडला जाईल. धाकटा नातू किंवा भाचा प्यादे हातात धरून विचारील, की याला दुरून का मारता येत नाही? त्याला सांगा, की बाळ, मारायचे असेल तर त्या घरात जावे लागते. हा नियम दीड हजार वर्षे जुना आहे, आणि तो मोडण्याआधी माणसाने जरा विचार करावा.